ब्रेकची नळी घरी कशी बनवावी: कापणे, तोंड फुलवणे, बसवणे

नागपुरात गाडीखालच्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या नेमक्या कुठे कुजतात, हे पावसाळा संपल्यावर गाडी वर उचलून पाहिले की लगेच कळते. नळीचा जो भाग मोकळ्या वाऱ्यावर असतो तो फक्त तांबूस झालेला असतो. पण क्लिपच्या आत आणि मागच्या चाकाच्या कमानीत काळी माती घट्ट बसते, दसऱ्यापर्यंत आतून ओली राहते आणि त्या ओलीत नळीची भिंत खपल्या सोडत पातळ होत जाते. माझ्या वीस वर्षे जुन्या गाडीची नळी अशाच एका क्लिपखाली फुटली. वर्धा रोडवर सिग्नलला थांबताना पेडल एकाएकी खाली गेले. ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली होती, म्हणूनच उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली. पुढे ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली तिथे कुजलेला तुकडा कापून मध्ये पितळी दाबजोड (दोन नळ्या नट पिळून दाबाने जोडणारा तुकडा, कम्प्रेशन फिटिंग) टाकण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही आणि कोणीही मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब ३० ते ३५ पीएसआय असतो, तर जोरात ब्रेक दाबल्यावर या बारीक नळीतला दाब १००० पीएसआयच्याही वर जातो. पाण्याच्या किंवा गॅसच्या नळीला चालणारा दाबजोड इतक्या दाबाखाली आणि रस्त्याच्या सततच्या थरथरीत नळीवरून घसरू शकतो. ब्रेकच्या सांध्यात वॉशर नसतो आणि रबरी सीलही नसते. तिथे नळीचे फुलवलेले तोंड समोरच्या धातूच्या बैठकीवर दाबून बसते आणि धातूवर धातू बसल्यानेच नळीतले ब्रेकचे तेल अडते. ते तोंड नीट झाले नसेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा पाना आणखी पिळून काहीही साधत नाही. म्हणून या लेखात बाकीच्या गोष्टी थोडक्यात आणि तोंड फुलवण्याची गोष्ट सविस्तर सांगितली आहे.

आधी एक मर्यादा सांगितली पाहिजे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असणे बंधनकारक आहे. अशा गाडीत एबीएसच्या ठोकळ्याला जोडलेल्या नळ्या नवशिक्याने उघडू नयेत, कारण ठोकळ्यात हवा शिरली तर ती काढण्यासाठी बहुधा गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. जुनी साधी गाडी, सुटी दिसणारी एखादी सरळ नळी आणि हाताशी दोन मोकळे दिवस असतील तर मात्र हे काम शिकण्यासारखे आहे. नळी बसवून झाल्यावर जाणत्या मेकॅनिककडून एकदा तपासून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

कोणती नळी, कोणता नट

बहुतेक मोटारींच्या ब्रेकच्या नळीचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच असतो आणि भिंतीची जाडी साधारण ०.७ मिलिमीटर असते. मूळ नळी पोलादाची असते. तांब्याचा थर दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत झाळलेली ही दुपदरी नळी बंडी ट्यूब या नावाने ओळखली जाते. ती मजबूत आणि स्वस्त आहे, पण वाकवायला आणि फुलवायला कडक असते, आणि वरचा लेप खरवडला गेला की गंजते. दुसरा पर्याय म्हणजे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी. हिच्यात सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असते. ती गंजत नाही, हाताने वाकते आणि तोंड फुलवताना सहसा चिरत नाही, म्हणून पहिल्यांदाच काम करणाऱ्याने, थोडे पैसे जास्त गेले तरी, हीच नळी घ्यावी. स्टेनलेस स्टीलच्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नये. घरगुती साधनांनी तिचे तोंड क्वचितच नीट होते.

इथे एक धोका आहे. एसीच्या कामाची शुद्ध तांब्याची नळी दिसायला जवळपास अशीच असते आणि दुकानात सहज मिळते. ती ब्रेकला कधीही वापरू नये. शुद्ध तांबे थरथरीने हळूहळू कडक होते आणि मग एखाद्या दिवशी सांध्यामागे तडकते. घाट रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानात नळी मागताना ‘ब्रेकची, तांबे-निकेलची’ असे स्पष्ट सांगावे आणि गुंडाळीवर ब्रेकसाठी असल्याचा छाप नसेल तर ती घेऊ नये.

नटांच्या बाबतीत चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. जपानी आणि युरोपीय घराण्याच्या गाड्यांत बहुधा १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे नट असतात. अमेरिकी मुळाच्या जुन्या जीपमध्ये इंची आटे असतात, ३/८ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आटे असलेले. हे दोन नट हातात धरले तर जुळे वाटतात आणि एकाचा नट दुसऱ्याच्या भोकात एखादा आटा फिरतोही, पण पुढे जोर केला की मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर नळ्यांत तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचे) आटे जातात. मला एकदा दुकानात ‘हाच लागतो’ असे म्हणून चुकीचा नट मिळाला होता. बोटांनी फिरवताना दुसऱ्याच आट्यात तो अडला म्हणून बचाव झाला. तेव्हापासून मी जुना नट खिशात घालूनच दुकानात जातो.

तोंडाचेही दोन प्रकार असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जिथे नट बसतो त्या भोकात टॉर्च मारून पाहावे. तळाशी मध्यभागी बाहेर आलेला छोटा शंकू दिसला तर तिथे दुहेरी फ्लेअर लागतो, म्हणजे कडा आत दुमडून ४५ अंशांत फुलवलेले तोंड. मारुती आणि इतर जपानी मुळाच्या गाड्यांत हा प्रकार आढळतो. तळाशी आत गेलेला तिरपा खड्डा दिसला तर तिथे बुडबुड्यासारखे गोल तोंड लागते, ज्याला बबल फ्लेअर म्हणतात आणि जे युरोपीय गाड्यांत असते. बबल फ्लेअरची पाठ सपाट असते आणि तिच्यासाठी वेगळा साचा मिळतो. दुहेरी फ्लेअरच्या संचातली पहिली पायरी करून थांबले की बबल फ्लेअर झाला, असे समजू नये. पुढची कृती दुहेरी फ्लेअरची आहे. कडा आत दुमडल्यामुळे बैठकीवर दोन पदर येतात. एकेरी फुलवलेल्या तोंडात ०.७ मिलिमीटरचा एकच पदर असतो आणि तो ताणाखाली चिरतो, म्हणून एकेरी फ्लेअर ब्रेकला वर्ज्य आहे.

जुनी नळी काढणे आणि नवीची लांबी ठरवणे

गाडी सपाट, पक्क्या जागेवर उभी करावी, चाकांना अडण लावावी, जॅकने उचलून लोखंडी घोडीवर टेकवावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. नटाभोवतीची माती तारेच्या ब्रशने पूर्ण झाडून गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे. नट सोडवायला साधा उघड्या तोंडाचा पाना वापरला तर कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. यासाठी फ्लेअर नटचा खास पाना मिळतो, जो नटाला जवळपास चहूबाजूंनी धरतो. बहुधा तो १० किंवा ११ मिलिमीटरचा लागतो. नळी नटासोबत फिरू लागली तर थांबावे आणि नळी नटाजवळ कापून उरलेल्या नटावर सॉकेट चढवावे. नळी तर बदलायचीच आहे, ती वाचवण्यासाठी व्हील सिलिंडरचे (चाकाजवळच्या, ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचे) आटे पणाला लावण्यात अर्थ नाही. भोके उघडी राहिली की रबरी बुचाने लगेच बंद करावीत.

जुनी नळी शक्यतो अखंड काढावी, कारण तिच्यासारखा नमुना दुसरा नाही. ती तुटली तर इतवारीतल्या लोहाओळीत अर्थिंगसाठी मिळणारी ८ नंबरची जीआय तार घ्यावी. तिची जाडी सुमारे ४ मिलिमीटर, म्हणजे नळीच्या जवळपास असते आणि वाकवलेला आकार ती सोडत नाही. तार मूळ मार्गाने क्लिपांतून फिरवून आकार घ्यावा, मग सरळ करून लांबी मोजावी. त्या लांबीत प्रत्येक तोंडामागे १ सेंटिमीटर आणि चुकीसाठी आणखी १५ सेंटिमीटर वाढवून नळी कापावी. नळी लांब झाली तर कापता येते.

कापणे

नळी नेहमी छोट्या ट्यूब कटरने कापावी. हॅक्सॉने कापलेले तोंड तिरपे होते, आणि तिरप्या तोंडाचा फ्लेअर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतो. कटरचे चाक नळीला नुसते टेकेल इतकेच कसावे, एक पूर्ण फेरी मारावी, मग किल्ली जेमतेम अष्टमांश फेरी घट्ट करावी आणि पुन्हा फिरवावे. घाईने कसले तर नळी कापण्याऐवजी चेपते आणि तोंड आत वळते. कापून झाल्यावर आतल्या कडेला धारदार ओठ राहतो. तो रीमरने (आतली कड खरवडणाऱ्या टोकदार हत्याराने) काढावा आणि त्या वेळी तोंड जमिनीकडे धरावे, म्हणजे कीस आत पडत नाही. बाहेरची कड बारीक कानशीने किंचित तिरपी करावी. बोटाचे टोक तोंडावरून फिरवले असता कुठेही अडता कामा नये. नळीवर प्लास्टिकचा लेप असेल तर तोंडाजवळचा तेवढा लेप खरवडून टाकावा.

तोंड फुलवणे

या पायरीआधी नट नळीवर चढवलेला आहे ना, तो योग्य दिशेने आहे ना, हे पाहावे. नटाचे आटे तोंडाकडे असले पाहिजेत. नट चढवण्याचे विसरून मी सुंदर झालेली तोंडे कापून टाकली आहेत, आणि नळी बेताची असताना ते महागात पडते.

फ्लेअरिंगच्या संचात दोन पात्यांची पट्टी, शंकू असलेल्या स्क्रूचे जोखड आणि गोल अडॅप्टर असतात. पट्टीच्या ३/१६ इंच लिहिलेल्या खाचेत नळी घालावी आणि खाचेची तिरपी कड वर, म्हणजे शंकूच्या बाजूला ठेवावी. नळी पट्टीच्या वर किती निघाली पाहिजे, यावर सगळे अवलंबून आहे. ३/१६ चा अडॅप्टर पालथा करून नळीशेजारी पट्टीवर उभा ठेवावा. त्याच्या रुंद चकतीची जाडी जितकी, तितकीच नळी वर हवी. जास्त निघाली तर दुमड एका बाजूला झुकते, कमी निघाली तर आतला पदर अर्धवट राहतो. नळी आणि पट्टीची पकड कोरड्या फडक्याने पुसून मगच कसावी, कारण तिथे तेलाचे बोट लागले असेल तर नळी दाबाखाली घसरते. पट्टीच्या दोन पंखनटांपैकी नळीच्या जवळचा आधी, लांबचा नंतर, आणि दोन्ही पाना लावून घट्ट करावेत. ते नुसत्या बोटांनी कसून भागत नाही.

मग अडॅप्टरचा दांडा नळीत घालावा, नळीच्या तोंडावर आणि शंकूवर ब्रेक ऑइलचा एक थेंब द्यावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने पुढे रबरी सिले फुगतात. जोखड पट्टीवर असे बसवावे की शंकूचे टोक अडॅप्टरच्या खळग्यात बरोबर मध्यभागी येईल. स्क्रू सावकाश फिरवत जावे. सुरुवातीला हाताला सहज फिरते, मग एकदम जोर लागतो आणि अडॅप्टरची चकती पट्टीला टेकते, तिथे थांबावे. जोखड सोडून अडॅप्टर काढला की नळीचे तोंड आत वळलेल्या कुंडीसारखे, गोल खांद्याचे दिसले पाहिजे. इथे नीट पाहावे: खांदा सगळीकडे सारख्या उंचीचा आहे का, भोक मध्यभागी आहे का? एका बाजूला झुकलेला खांदा दुसऱ्या पायरीत सरळ होत नाही. तो कापून पुन्हा सुरुवात करावी.

दुसऱ्या पायरीत अडॅप्टर न वापरता शंकू थेट तोंडात उतरवावा. पुन्हा एक थेंब ब्रेक ऑइल, पुन्हा सावकाश दाब. आत वळलेली कड शंकूच्या भाराने बाहेरच्या पदरावर बसते आणि ४५ अंशांची, दोन पदरांची गुळगुळीत बैठक तयार होते. इथे फार जोर करू नये. शंकू पूर्ण टेकल्यावरही पिळत राहिले तर पदर पातळ होतो आणि बैठकीवर चकाकणारा खोल वण उठतो.

पट्टी उघडून तोंड उजेडात फिरवून पाहावे, शक्य असल्यास भिंगाखाली. कडेवर केसासारखी रेघ म्हणजे चीर. बैठकीवर पट्टीचा ओरखडा, एका बाजूला रुंद कड, भोकाजवळ सुरकुतलेला आतला पदर, यांपैकी काहीही दिसले तर ते तोंड गाडीवर जाता कामा नये. शेवटी नट तोंडापर्यंत सरकवून तो मोकळा फिरतो आणि तोंडाच्या पाठीवर सगळीकडे टेकतो, हे पाहावे. माझा आग्रह असा की गाडीची नळी कापण्याआधी त्याच गुंडाळीच्या तुकड्यांवर निदान दहा तोंडे फुलवावीत आणि सलग तीन निर्दोष आली की मगच खऱ्या नळीकडे वळावे. त्यासाठी एक मीटर नळी खर्ची पडते, आणि ती वाया गेली असे मी मानत नाही.

वाकवणे आणि बसवणे

एका टोकाचे तोंड आधी फुलवावे, नळी वाकवावी आणि दुसरे टोक शेवटी करावे. तोंडामागे तीन-चार सेंटिमीटर सरळ भाग सोडावा, नाहीतर नट मागे सरकत नाही. तांबे-निकेलची नळी अंगठ्याने सॉकेटच्या गोल अंगाभोवती वळवता येते, पोलादी नळीला बेंडर लागतो. कुठे चुरगळ पडली तर ती उघडून सरळ करू नये, तेवढी नळी टाकून द्यावी.

बसवण्यापूर्वी नळीतून ब्रेक क्लीनर मारून कोरडी हवा फुंकावी. पेट्रोल किंवा डिझेल वापरू नये. नट दोन-तीन फेऱ्या पूर्णपणे बोटांनी फिरला पाहिजे; तो अडत असेल तर नळीचा कोन चुकला आहे, पाना लावून जोर करण्याची ती वेळ नव्हे. दोन्ही टोके बोटांनी लागल्यावर क्लिपा बसवाव्यात, मग पान्याने कसावे, एकदा ढिले करून पुन्हा कसावे म्हणजे तोंड बैठकीवर जमते. बऱ्याच गाड्यांत हा कस १२ ते १८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. नळी सायलेन्सरपासून दूर, हलणाऱ्या कोणत्याही भागाला न घासणारी आणि मूळ क्लिपांतच धरलेली असली पाहिजे.

तेल भरणे, हवा काढणे, तपासणे

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे (डॉट ३, डॉट ४ असे), नव्याने सील तोडलेले ब्रेक ऑइल घ्यावे. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेले हवेतली ओल शोषतात. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर त्याची मर्यादा १४० वर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ असतात. चिखलदऱ्याचा घाट उतरताना जुन्या तेलाचे पेडल स्पंजासारखे का होते, याचे उत्तर या आकड्यांत आहे: तेल उकळते, वाफ होते आणि वाफ दाबली जाते. त्यामुळे नळी बदलताना सगळेच तेल बदलावे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हे काम भल्या सकाळी उरकावे, कारण टाकीवर वाकल्यावर कपाळावरचा घाम आत पडू शकतो. रंगावर सांडलेले तेल लगेच भरपूर पाण्याने धुवावे, ते रंग उचलते.

हवा काढायला दोन माणसे लागतात. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करतात, पण तिरक्या जोडणीच्या (एक पुढचे आणि समोरच्या बाजूचे मागचे चाक एका भागात असलेल्या) गाड्यांत क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहावा. चाकाच्या ब्रेकवर हवा काढण्यासाठी असलेल्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. आत बसलेल्याने पेडल दाबून धरावे, खालच्याने निपल अर्धी फेरी उघडून बंद करावे आणि बंद झाल्यावरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेले तर मास्टर सिलिंडरची सिले आतल्या गंजलेल्या, एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागावरून घासतात आणि फाटतात.

त्यानंतर इंजिन चालू करून पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरावे. ते खाली सरकता कामा नये. दुसऱ्याने प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. कागदावर ओलसर ठिपका उमटला तर नट एकदा ढिला करून ठरलेल्या कसापर्यंत पुन्हा कसावा. त्यानंतरही ओल आली तर तोंड कापून नवे करावे, नट जास्त पिळू नये. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी हीच चाचणी पुन्हा करावी. मग बेसा-बेलतरोडीकडच्या एखाद्या रिकाम्या लेआऊटमधल्या रस्त्यावर, हँडब्रेकवर हात ठेवून, ताशी १० किलोमीटरने सुरुवात करावी आणि प्रत्येक थांब्यानंतर पेडलची उंची तीच राहते का हे पाहावे. शंभर किलोमीटरनंतर सांधे पुन्हा कागदाने पुसून तपासावेत, आणि पहिला पावसाळा संपताच क्लिपा उघडून त्यांच्यामागची काळी माती पाण्याच्या धारेने धुऊन काढावी.